पसंतीक्रम एक : परराष्ट्र सेवा

बार्शीत आमच्या गल्लीतला एक दादा कुवेतला ड्रायव्हर म्हणून गेला होता. तिथल्या मालकाने पासपोर्ट काढून घेतला, पगार थकवला. त्याची आई रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायची. बोलायची काहीच नाही, नुसती बसायची. शेवटी भारतीय दूतावासाने त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट दिलं आणि त्या एका कागदावर तो घरी आला. मी तेव्हा अकरावीत होते. त्याच्या मोबाइलमधला त्या कागदाचा फोटो मी कितीतरी वेळ बघत राहिले होते. परराष्ट्र सेवेचं माझ्या डोक्यात शिरलं ते तिथून.

या सेवेसाठी वेगळी परीक्षा असते, असं अजूनही बरेच जण समजतात. तसं नाही. कलेक्टर, एसपी आणि परराष्ट्र सेवेचे अधिकारी एकाच यूपीएससीतून निवडले जातात. माझी परीक्षा २०२२ची. त्या वर्षी पूर्वपरीक्षेला ५,७३,७३५ जण बसले, त्यातले १३,०९० मुख्य परीक्षेला पात्र ठरले, २,५२९ मुलाखतीपर्यंत पोचले आणि ९३३ जणांची शिफारस झाली. परराष्ट्र सेवेच्या जागा होत्या ३८.

त्याआधीचे माझे दोन प्रयत्न वाया गेले होते. पहिल्यांदा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात, सीसॅटमध्येच अडकले. त्या २०० गुणांच्या पेपरला ३३ टक्के पुरतात, म्हणून मी तो गृहीत धरला होता. दुसऱ्यांदा मुख्य परीक्षेत राहिले. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दिवसाचे दहा तास वाचायचे, पण लिहायची कमी. तिसऱ्या खेपेला रोज दोन उत्तरं घड्याळ लावून लिहिली आणि एका मैत्रिणीकडून तपासून घेतली. फरक पडला तो त्याने.

वैकल्पिक विषय मराठी साहित्य, माध्यमही मराठी. तिस्ता पाणीवाटप किंवा हिंद महासागराचं राजकारण यांवर मराठीत नेमकं लिहायचं, तर शब्द आधी स्वतः घडवावे लागतात. त्यासाठी मी एक वही ठेवली होती. ती अजून माझ्याजवळ आहे.

मुख्य परीक्षेचा निकाल लागला आणि दुसरा सविस्तर अर्ज भरायची वेळ आली. सेवांचा पसंतीक्रम तेव्हा त्यात द्यायचा होता आणि तो नंतर बदलता येणार नव्हता. अण्णांचं बाजार समितीत अडतीचं दुकान आहे, ज्वारी आणि तुरीचं. ते म्हणाले, "अगं, कलेक्टर झालीस तर आपल्या माणसांची कामं करशील. तिकडं परक्या देशात कुणासाठी झिजणार?" मी म्हटलं, "अण्णा, तो दादा कुणाचा होता?" ते गप्प झाले. रात्री जेवताना म्हणाले, "भर तुला हवं ते." मी परराष्ट्र सेवा पहिली टाकली.

मुलाखतही मराठीतच द्यायचं ठरवलं. त्यावर मात्र सगळ्यांनी वेड्यात काढलं. परराष्ट्र सेवा मागतेस आणि इंग्रजीला घाबरतेस, असा समज होईल म्हणाले. मला इंग्रजी येत होतं. पण माझे विचार मराठीत जास्त स्पष्ट असतात, आणि मुलाखतीचे २७५ गुण स्पष्ट विचारांवरच ठरणार होते. शिवाय दुभाषामार्फत बोलणं हे पुढे माझं रोजचंच काम असणार होतं. म्हणून सराव त्याचाच केला. वाक्य लहान ठेवायचं, एका वाक्यात एकच मुद्दा, मग थांबायचं. दुभाषा भाषांतर करत असताना नजर त्याच्याकडे न्यायची नाही, मुलाखत घेणाऱ्या सदस्यांकडेच ठेवायची. मराठीतून मुलाखत देणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. थांबायची सवय नसेल तर उत्तराचा अर्धा भाग हवेतच राहतो.

मार्चमध्ये दिल्लीला गेले, जुन्या महाराष्ट्र सदनात उतरले. शाहजहान रोडवरच्या धोलपूर हाउसमध्ये, म्हणजे यूपीएससीच्या कार्यालयात, कागदपत्रं तपासतात, मग गोल टेबलाभोवती बसवतात. आपली मुलाखत घेणारं बोर्ड कोणतं ते तिथेच कळतं. आत अध्यक्ष आणि सदस्य मिळून पाच जण होते. परराष्ट्र सेवाच का, हे विचारलं तेव्हा मी दादाची गोष्ट सांगितली. मग विचारलं, आखातात कामगारांचे पासपोर्ट अडकतात, तिथे दूतावासाच्या हातात नेमकं काय असतं? त्यावर बराच वेळ गेला. यजमान देशाच्या कायद्यापुढे दूतावासाचे हात कुठे बांधलेले असतात, हेही सांगावं लागलं. नुसती तळमळ तिथे चालत नाही.

मग एका सदस्यांनी विचारलं, "पेशवाईत मराठीत राजदूताला काय म्हणत?" मला अष्टप्रधानांतले सुमंत आठवले, म्हणजे डबीर. पण ते परराष्ट्र व्यवहार बघणारे मंत्री. दूताचा शब्द काही आठवेना. "माहीत नाही, सर," म्हणाले. ते म्हणाले, "वकील. दिल्लीच्या दरबारात हिंगणे पेशव्यांचे वकील होते." साहित्य विषय घेऊन हे माहीत नसावं, याचं फार वाईट वाटलं. बाहेर पडल्यावर डोक्यात तेवढंच उरलं होतं.

वैद्यकीय तपासणी झाली. २३ मे २०२३ला निकाल लागला, यादीत नाव होतं. पण यादीत फक्त क्रमांक असतो, सेवा कोणती ते नंतर कळतं. ते आठवडे मला परीक्षेपेक्षा जड गेले. परराष्ट्र सेवा मिळाल्याचं कळवलं तेव्हा अण्णांनी दुकानातल्या हमालांना पेढे वाटले आणि मग मला परत फोन केला.

मसुरीतला पायाभूत अभ्यासक्रम झाला, मग दिल्लीत सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत प्रशिक्षण. या सेवेत प्रत्येकाला एक परदेशी भाषा घ्यावीच लागते आणि तिची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही. मी अरबी मागितली, आणि मिळाली. ती शिकायला कैरोला आले.

इथल्या वर्गात एक दिवस बाईंनी फळ्यावर उजवीकडून डावीकडे एक शब्द लिहिला आणि वाचला : वकील. दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा, प्रतिनिधी. संध्याकाळी अण्णांना फोन करून सांगितलं. पलीकडे मापाडी काहीतरी ओरडत होता. अण्णांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, "म्हणजे शेतकऱ्याच्या वतीने माल विकणारा आमच्यासारखा अडत्याच की गं."