गोम्यातली खुर्ची

२०२५च्या जानेवारीत काँगोतलं गोमा शहर एम२३च्या बंडखोरांनी घेतलं. ती बातमी मी साताऱ्यात, भाच्याच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसून वाचली. त्याच गोम्यात, भारतीय सैन्याच्या शांतिसेनेच्या हॉस्पिटलात मी नर्स म्हणून एक वर्ष काढलं आहे. भाच्याला विचारलं, "तिकडच्या खाणींतला तो टॅन्टलम धातू कुठं असतो रे यात?" त्यानं एका लॅपटॉपचा उघडा बोर्ड पुढं ओढला आणि चिमट्याचं टोक एका पिवळ्या तुकड्यावर टेकवलं. तांदळाच्या दाण्याएवढा, वीज साठवणारा कपॅसिटर, एका टोकाला पट्टी. "हा बघ, आत्या."

कोल्टान नावाच्या काळ्या, जड खनिजातून हे टॅन्टलम निघतं. गोम्याजवळच्या मसिसी भागातल्या रुबायाच्या खाणींतून जगातलं सुमारे १५ टक्के टॅन्टलम येतं. खाण म्हणजे काय, तर फावड्यानं डोंगर पोखरायचा, माती पाण्यात धुवायची आणि पोती पाठीवरून खाली आणायची. २०२४च्या एप्रिलअखेर एम२३नं रुबाया घेतलं. तिथल्या वसुलीतून त्यांना महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर मिळतात, असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा २०२४चा अंदाज होता. या युद्धाच्या मुळाशी जमिनीचे वाद आहेत, १९९४च्या रवांडातल्या नरसंहारानंतर सरहद्द ओलांडून आलेली माणसं आहेत. सगळा दोष खनिजावर टाकता येत नाही. पण गोळ्यांचा पैसा या मातीतूनही येतो.

तिकडं बाईमाणसाला मानानं 'मामा' म्हणतात. मलाही सगळे मामाच म्हणायचे.

मसिसीकडची एक मामा हेलिकॉप्टरनं आमच्याकडं आली, मांडीत गोळी घेऊन. वय तिशीच्या आत. नवरा कोल्टान खोदायचा; बंदूकवाले खाण ताब्यात घ्यायला आले त्या दिवशी तो गेला. तिच्यावर काय झालं ते पहिल्यांदा चादर बदलतानाच मला कळलं. अत्याचारात मूत्राशय आणि योनीमार्गाच्या मध्ये भोक पडलं होतं. फिस्टुला. लघवी दिवसरात्र गळत राहते, बाईच्या हातात काही उरत नाही.

पाय भरून आला, ती कुबड्यांवर चालू लागली. पण खुर्ची पुढं केली की बसायची नाही. कमरेला किटेंगेचं कापड तिपदरी गुंडाळून भिंतीला टेकून उभी राहायची. दुखऱ्या पायावर, तासन्‌तास. खुर्ची ओली होईल म्हणून. मी प्लास्टिक अंथरून दिलं, तरी नाही.

मग किवू सरोवरातून बोटीनं तिला बुकावूला पाठवलं. तिथं डॉ. डेनिस मुकवेगे यांचं पंझी हॉस्पिटल आहे, १९९९ साली उभं राहिलेलं. त्यांना २०१८ साली शांततेचं नोबेल मिळालं, पण आम्हाला नाव आधीपासून पाठ होतं. अशा हजारो बायका तिथं शिवल्या गेल्या आहेत. नुसतं शिवून भागत नाही. मनाला आधार, कोर्टकचेरीची मदत, शिवणकाम वा असंच काही हातात देणं, हे सगळं तिथं चालतं. मला विचाराल तर खरी शुश्रूषा ती.

दोन-अडीच महिन्यांनी ती आम्हाला भेटायला आली. चहाला तिकडंही 'चाय'च म्हणतात. मी कप दिला. ती खुर्चीवर बसली. चांगली तासभर बसली, दुसरा कपही घेतला. उठल्यावर वळून तिनं बैठकीवर तळहात ठेवला, मग माझा हात धरून तिथंच टेकवला. कोरडं होतं.

त्याच आठवड्यात ती मसिसीला परत गेली. तिचं शेत तिथंच होतं.