हिमेजीच्या भिंतीतलं जातं

“अगं, हे बघ. जातं!”

जपानमधल्या हिमेजी किल्ल्याच्या दगडी भिंतीत, जाळीआड जात्याचा एक दगड. सरदार हिदेयोशी किल्ला बांधत होता, दगड कमी पडले. मोची, म्हणजे तांदळाचे भाजलेले गोळे, विकणाऱ्या एका गरीब म्हातारीने जात्याचा दगड देऊन टाकला, अशी दंतकथा. ते ऐकून म्हणे गावानेही दगड दिले.

मग बुटांची पिशवी हातात धरून १६०९ सालच्या लाकडी बुरुजाचे उभेच्या उभे जिने चढलो. माथ्यावरून शहर झकास दिसतं. (गुडघे बोलायला लागतात ते वेगळं.)

“काय मन असेल त्या बाईचं!” हा म्हणाला.

असेलही. पण एवढ्या बड्या सरदाराला दगड हवा असताना नाही म्हणायची सोय होती का? आणि दुसऱ्या दिवशी तिने दळलं कशावर?