आरसा आणि प्रत

बिजागरी तुटलेला, पडद्यावर उभी हिरवी रेघ पडलेला लॅपटॉप टाकून देववत नव्हता. मग त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली, दोन डिस्क जोडल्या, सांबा हे फाइली वाटून देणारं सॉफ्टवेअर बसवलं आणि त्याला राउटरशेजारी बसवला. घराला फाइल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा संगणक, मिळाला. पहिल्याच रात्री झाकण मिटल्यावर तो सवयीने झोपी गेला. झाकण मिटलं तरी जागं राहायचं, हे एका सेटिंगने शिकवावं लागलं.

सांबा म्हणजे नाच नव्हे. फाइल वाटून घेण्याच्या पद्धतीचं नाव एसएमबी. ही तीन इंग्रजी अक्षरं त्याच क्रमाने येणारा शब्द सांबा लिहिणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी शब्दकोशात हुडकला, तो हा. बारसं करावं तर असं.

पुढचा त्रास सर्व्हरच्या नेटवर्कवरच्या पत्त्याचा. वीज जाऊन आली की राउटर त्याला नवा पत्ता द्यायचा आणि घरभर एकच ओरड, 'सर्व्हर गेला!' तो असायचा तिथेच, फक्त त्याचा नंबर बदललेला. शेवटी राउटरमध्ये त्याच्या नावे एक पत्ता राखून ठेवला. १९२.१६८ने सुरू होणारा. अशाच पत्त्यांवर जगभरातली असंख्य घरं नांदतात आणि कुणाची चिठ्ठी कुणाकडे जात नाही, कारण हे पत्ते उंबऱ्याबाहेर चालतच नाहीत.

मग फाइलींच्या परवानग्या. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. कुणाला काय द्यायचं याचा हिशेब मांडता मांडता एका रात्री कंटाळलो आणि सगळ्या फोल्डरांना ७७७ देऊन टाकलं. म्हणजे मालक, गट, येणारा-जाणारा, कुणीही काहीही करा. तक्रारी तत्काळ थांबल्या. तेव्हाच शंका यायला हवी होती.

काही महिन्यांनी फोटोंचा एक अख्खा फोल्डर नाहीसा झाला. मी निवांत होतो. दोन्ही डिस्कवर रेड लावलेलं, एकीवर जे लिहाल ते त्याच क्षणी दुसरीवर. दुसरी उघडण्याचा खटाटोप करू लागलो आणि मध्येच लख्ख उमगलं. एकीवर जे पुसाल, तेही त्याच क्षणी दुसरीवर पुसलं जातं. आरशासमोर भांग विस्कटला तर आरशात तो नीट कसा राहील? डिस्क मेली तर रेड वाचवतं. माणसाच्या बोटापासून नाही. फोल्डर कुणी पुसला हे शोधायला गेलो नाही. माझंच नाव निघण्याची शक्यता बरीच होती.

बरेचसे फोटो खणातल्या एका जुन्या डिस्कवर सापडले. मधले चार महिने गेले ते गेलेच.

आता रोज रात्री आरसिंक नावाचं सॉफ्टवेअर वेगळ्या डिस्कवर प्रत काढतं. तेही ट्रिजेल यांचंच, पॉल मॅकेरस यांच्या जोडीने १९९६मध्ये केलेलं. प्रत्येक दिवसाचा फोल्डर पूर्ण दिसतो, पण न बदललेल्या फाइलींना फक्त कालच्या प्रतीकडे बोट दाखवलेलं असतं, त्यामुळे जागा जाते ती नव्याची. आणखी एक डिस्क दुसऱ्या घरी असते. ७७७ गेलं, तक्रारी परत आल्या.

प्रत निघते, पण उघडते का? म्हणून काल सहज हाताला लागला तो एक व्हिडिओ प्रतीतून काढून पाहिला. सत्तावीस सेकंद. कॅमेरा जमिनीकडे, आणि कुणीतरी विचारतंय, 'अरे, चालू झालाय का?'