तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन किती फूट खोल जातं?

मशीन म्हणजे मेटल डिटेक्टर, जमिनीतली नाणी-अंगठ्या शोधायचं यंत्र; माझा छंद तोच. प्रश्न दोन रूपांत येतो. इथे इंग्लंडमध्ये भेटणारी आपली मंडळी यंत्र बनवणाऱ्या तीन कंपन्यांची नावं घेऊन विचारतात, "मिनेलॅब घेऊ, एक्सपी घेऊ की नोक्टा?" आणि सांगली-साताऱ्याकडून व्हॉट्सॲपवर येतो तो असा: "काका, तुमचं मशीन किती फूट खोल जातं?" दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते पटलं की पहिला प्रश्न बराचसा हलका होतो.

एक वीत. माती चांगली असेल आणि नाणं आडवं पडलेलं असेल तर वर दोन-चार बोटं.

यावर समोरचा हमखास हिरमुसतो. एवढे पैसे घालून वीतभर? हो, वीतभरच. घागर किंवा हंडा असेल तर मशीन आणखी खालूनही बोलेल, पण नाणं, अंगठी, बटण यांचा हिशेब वितेचाच. आणि तो कुठल्या कंपनीने ठरवलेला नाही. कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची तबकडी, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे नाण्यात बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतो, त्या प्रवाहाचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं आणि कॉइलमधलं दुसरं वेटोळं ते टिपतं. जाताना क्षेत्राची ताकद अंतराच्या घनाने घटते, परतताना पुन्हा घनाने. म्हणजे नाणं दुप्पट खोल गेलं की सिग्नल ६४ पट क्षीण. नुसती २० टक्के जास्त खोली हवी असेल तरी मशीन जवळजवळ तिप्पट तिखट लागतं. बरं, ताकद वाढवावी म्हटलं तर मातीतलं लोहखनिजही तेवढ्याच जोराने ओरडायला लागतं. मी पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन शिकलो. अभ्यासक्रमातही एवढं हट्टी समीकरण भेटलं नव्हतं.

त्यामुळे "सर्वांत खोल जाणारं मशीन" अशी जाहिरात दिसली की मी पुढे सरकतो. खोलीची शर्यत केव्हाच मंदावली. कंपन्यांचं भांडण आता वेगळ्याच गोष्टींवरून चाललंय, आणि ते खोलीपेक्षा कितीतरी मजेदार आहे.

पहिलं भांडण खिळ्यांवरून. जिथे माणसं राहिली तिथे लोखंड पडलं. मी नॉरफोकमधल्या ज्या शेतांत फिरतो तिथे रोमन काळापासूनचे खिळे मातीत मिसळलेले आहेत, आणि नाणी नेमकी त्यांच्याच शेजारी असतात. जुनं मशीन खिळ्यावर एकदा घुरघुरलं की भानावर यायला वेळ घ्यायचं. तेवढ्यात कॉइल शेजारच्या चांदीवरून निघून गेलेली असायची. फ्रान्समधल्या टूलूझच्या एक्सपी कंपनीने २०१० च्या सुमारास डेयस आणलं ते इथेच घाव घालायला. एका वस्तूचा आवाज संपवून दुसरीकडे कान द्यायला ते इतकं चपळ होतं की लोक वर्षानुवर्षं 'संपलेली' म्हणून सोडलेली शेतं पुन्हा फिरले आणि पिशवी भरून परतले. शिवाय वायर नाही. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉइलच्याच पोटात, हेडफोनशी बोलणं बिनतारी, आणि अख्खं वजन किलोच्या आत. त्याच काळातलं मिनेलॅबचं सीटीएक्स ३०३० हे उत्तम मशीन होतं, पण वजन सव्वादोन किलोच्या वर. दिवसभर उजव्या हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघा म्हणजे फ्रेंचांनी काय केलं ते खांद्याला समजेल.

एक उदाहरण जवळून दाखवतो. इथल्या तेराव्या शतकाच्या मध्यानंतरच्या चांदीच्या पेनीच्या मागच्या बाजूला काठापर्यंत जाणारा क्रूस असे. सुटे पैसे हवे असले की लोक त्या क्रूसावरच नाणं कापून अर्धं नाहीतर चतकोर करत. असा चतकोर तुकडा अर्ध्या ग्रॅमहूनही हलका, नखाएवढा, आणि पातळ. हेडफोनमध्ये आधी खिळ्याची घुरघुर येते. त्या घुरघुरीच्या कडेला कधीतरी एक किरटी टिक ऐकू येते, तीही कॉइल एका दिशेने फिरवली तरच. काटकोनात वळून उभं राहायचं, कॉइल जेमतेम हातभर हलवायची, पुन्हा टिक. धातूचा अंदाज देणारा स्क्रीनवरचा आकडा या वेळी काहीही दाखवत असतो, त्याच्याकडे बघायचंच नाही. ढेकूळ काढायचं, पिनपॉइंटरने, म्हणजे हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने, त्याचा कुठला अर्धा बोलतोय ते बघायचं, बोटांनी चुरडायचं. मग मातीत एक करडी सरळ कड दिसते. सरळ कड निसर्गात फार नसते. हा तुकडा दहा वर्षांपूर्वीचं मध्यम मशीन बहुतेक वेळा सोडून गेलं असतं, आणि आजचं मध्यम मशीन धरतं. स्पर्धेने मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर हा चतकोर.

दुसरं भांडण फ्रिक्वेन्सीचं, म्हणजे कॉइलचं क्षेत्र सेकंदाला किती वेळा बदलतं त्याचं. कमी फ्रिक्वेन्सी जाडजूड चांदीवर छान चालते, जास्त फ्रिक्वेन्सी बारीक आणि पातळ वस्तूंवर. ओल्या खाऱ्या वाळूत एकच फ्रिक्वेन्सी गोंधळते. मग एकाच वेळी अनेक का नकोत? ही कल्पना मिनेलॅबच्याच सॉव्हरिन मशीनमध्ये नव्वदच्या दशकात होती, पण ती मशीनं महाग, जड आणि संथ. २०१७ मध्ये मिनेलॅबने इक्विनॉक्स जाहीर केलं आणि बरोबर एक डरकाळी फोडली: एका फ्रिक्वेन्सीची सगळी मशीनं आजपासून कालबाह्य. इक्विनॉक्स ८०० ची किंमत होती साधारण ९०० डॉलर, आणि ते पाण्यातही चालत होतं. डरकाळी अर्धी खरी होती. समुद्रकिनाऱ्यावर खरोखरच फरक पडला. खिळ्यांच्या शेतात मात्र जुना डेयस हातात मुरलेला माणूस तेव्हाही इक्विनॉक्सवाल्याच्या पुढे असायचा. पण बाजाराने डरकाळी ऐकली. एक्सपीला डेयसची बहु-फ्रिक्वेन्सी आवृत्ती काढावी लागली, अमेरिकेच्या गॅरेटने एपेक्स काढलं, आणि इस्तंबूलच्या नोक्टाने २०२२ मध्ये लेजंड आणलं ते इक्विनॉक्सपेक्षा बऱ्याच कमी पैशांत.

नोक्टाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सर्वांत मोठी उलथापालथ त्यांची आहे. त्याआधी 'नवशिक्याचं मशीन' म्हणजे मुद्दाम लंगडं केलेलं मशीन असायचं: पाण्यात चालणार नाही, मातीशी जुळवून घेण्याची सोय नाही, बॅटरी सेलची. नोक्टाने सिम्प्लेक्स काढलं ते ३०० डॉलरच्या आसपास. पाण्यात बुडवा, चार्जिंगला लावा, नवं सॉफ्टवेअर घरीच भरा. मोठ्या कंपन्यांनी वरच्या मजल्यावर जपून ठेवलेल्या सोयी यांनी तळमजल्यावर मांडल्या. नंतर लेजंडच्या बाबतीत तर वापरणाऱ्यांच्या तक्रारी ऐकून नवनवीन सॉफ्टवेअर फुकट द्यायला लागले. गंमत अशी की तुर्कस्तानात परवान्याशिवाय जमिनीतला खजिना शोधणं गुन्हा आहे, आणि फ्रान्समध्येही १९८९ च्या कायद्यापासून जुन्या वस्तू शोधायला सरकारी परवानगी लागते. या दोन देशांतल्या कंपन्या आमच्या इंग्लंडच्या शेतांवर आपसांत झुंजतायत.

या झुंजीत काही कंपन्या गेल्या. ओरेगॉनमधल्या स्वीट होम गावची व्हाइट्स १९५० पासूनची, ती २०२० मध्ये बंद झाली आणि तिचं तंत्रज्ञान गॅरेटने घेतलं. ॲरिझोनाची टेसोरो २०१८ मध्ये संपली. टेसोरोची मशीनं म्हणजे दोन-तीन बटणं, एक बीप, स्क्रीन बहुतेकांना नाहीच. आणि आजन्म वॉरंटी. जन्म कुणाचा, ते मात्र शेवटी कळलं.

आता पैशाची एक बाजू, जी शौकिनांच्या गप्पांत येत नाही. मिनेलॅब ही ऑस्ट्रेलियन कंपनी, १९८५ पासूनची, २००८ पासून कोडॅन या कंपनीच्या मालकीची. तिची कमाई फक्त आमच्यासारख्या रविवारच्या भटक्यांवर नाही. आफ्रिकेत, सुदानपासून पश्चिमेपर्यंत, हाताने सोनं शोधणाऱ्या हजारो लोकांना ती आपली हजारो डॉलरची सोनं शोधायची मशीनं विकते. साहजिकच तिथे नकली मशीनं उगवली. २०१५ मध्ये बाहेर आलं की २०११ मध्ये कंपनीचा एक माणूस चीनला गेला असताना हॉटेलच्या वायफायवरून त्याच्या लॅपटॉपमध्ये शिरकाव झाला होता आणि आराखडे चोरीला गेले होते. मिनेलॅबला किमती धडाधड उतरवाव्या लागल्या. कोडॅनचा वर्षाचा नफा ४.५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवरून ९२ लाखांवर आला. म्हणून मिनेलॅब घेताना अनोळखी साइटवर निम्म्या किमतीत दिसलं तर तिकडे फिरकू नका. आतली सर्किटची पाटी तशीच दिसेल, कॉइल तशी वागणार नाही.

आणि आता सांगली-साताऱ्यासाठी. गुप्तधनाच्या नावाखाली इंटरनेटवर विकले जाणारे ते अँटेनावाले 'लाँग रेंज' डिटेक्टर, जे शेकडो मीटरवरून सोनं दाखवतात म्हणे, ते घेऊ नका. वरचं समीकरण पुन्हा वाचा. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्रजाने गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावर बेतलेली दांडी बॉम्ब डिटेक्टर म्हणून इराकला विकली, एकेक नग हजारो डॉलरला. ती दांडी धरून पोलीस बगदादच्या नाक्यांवर गाड्या तपासत होते. २०१३ मध्ये लंडनच्या कोर्टाने त्याला १० वर्षांची शिक्षा दिली. बॉम्बच्या जागी सोनं शब्द घातला की तीच दांडी गावोगाव फिरते, फक्त तिथे कोर्ट लागत नाही, कारण फसलेला माणूस कशासाठी घेतली होती ते पोलिसांना सांगू शकत नाही.

खरं मशीन भारतात पाठवा, असंही बरेच जण म्हणतात. नाही पाठवणार. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे आणि अजून लागू आहे: जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, नाही कळवलं तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकांच्या जागी खोदणं तर वेगळाच गुन्हा. गडाच्या पायथ्याशी मशीन घेऊन फिरणाऱ्याला कुणी पकडून दिलं तर मी त्याच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. इंग्लंडमध्ये हा छंद चालतो कारण इथली चौकट तशी आहे. जमीनमालकाची परवानगी, संरक्षित जागांवर सरकारी परवान्याशिवाय बंदी, आणि १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली येणारी वस्तू १४ दिवसांत कळवण्याची सक्ती. संग्रहालयाने ती घेतली तर बाजारभावाने बक्षीस मिळतं आणि ते सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटलं जातं. माझा तो चतकोर म्हणजे एकटं सुटं नाणं, म्हणून तो ट्रेझर नाही, तरी मी तो इथल्या फाइंड्स ऑफिसरकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्याकडे, नोंदवला. कुठल्या शेतात काय पडलंय याचा नकाशा त्यातूनच बनतो.

मशीनचा मोह कमी करायला आणखी दोन माणसं सांगतो. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एरिक लॉझ हे निवृत्त गृहस्थ एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधायला गेले. मशीन निवृत्तीची भेट म्हणून मिळालेलं. हातोड्याच्या आधी सापडली रोमन सोन्याचांदीची सुमारे १५,००० नाणी, चमचे, दागिने. त्यांनी उकरणं थांबवलं आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं, म्हणून आज त्या ठेव्याबद्दल इतकं माहीत आहे. हातोडाही मिळाला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २००९ मध्ये स्टॅफर्डशरचा प्रचंड अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा टेरी हर्बर्ट यांना सापडला, ज्याची किंमत ३२.८५ लाख पौंड ठरली. त्यांचं मशीन जुनं, दुसऱ्याकडून अडीच पौंडांना घेतलेलं. दोघांकडे एकच गोष्ट समान होती: योग्य शेतात उभं राहायची परवानगी.

तर, मिनेलॅब, एक्सपी की नोक्टा? किनाऱ्यावर जास्त जाणार असाल तर इक्विनॉक्स, जुनं चालेल. खिळ्यांच्या शेतात आणि खांदा दुखरा असेल तर एक्सपी, पण त्याचे आवाज शिकायला एक हंगाम द्यावा लागतो, त्याला तयार असलात तरच. पहिलंच मशीन असेल तर सिम्प्लेक्स. लेजंड घेतलंत तर काही वर्षं बदलायचं मनात येणार नाही. सोन्याच्या अंगठीचा आणि कोल्ड्रिंकच्या डब्याच्या कडीचा आकडा तिन्हींत एकमेकांना चिकटूनच येतो, तेव्हा त्या कड्या गोळा करायची मानसिक तयारी ठेवा. उरलेल्या पैशांत चांगला पिनपॉइंटर आणि स्टीलचं मजबूत फावडं घ्या, तिथे कंजुषी नको. आणि शेतकऱ्याकडे जायचं ते कापणी उरकण्याच्या सुमारास, हातात मिठाईचा डबा घेऊन. ऑक्टोबर उजाडेपर्यंत थांबलात तर त्याची गव्हाची पेरणी झालेली असते, आणि मग पुढच्या ऑगस्टपर्यंत तो तुम्हाला बांधावरही उभं करत नाही.