‘मस्त गो!’च्या पुढे

माझं गाणं रात्रीच्या शेवटच्या एसटीवर आहे. साडेतीन मिनिटांचं, पॉप म्हणतात त्या धाटणीचं. गिटार, बेस, मागे कीबोर्डचा पॅड (लांब पसरणारे सूर), लॅपटॉपवर बांधलेले ड्रम आणि माझा आवाज. गाव मालवण तालुक्यातलं, नोकरी पतपेढीत. त्यामुळे गाण्याचं काम रात्री, नाहीतर रविवारी. ते घरी कसं रेकॉर्ड केलं आणि लोकांना ऐकवून कसं सुधारलं, ते सांगते.

रेकॉर्डिंग केलं ते घरातल्या बाळंतिणीच्या खोलीत. जुन्या घरांत ही खोली असतेच: मधोमध, अंधारी, चारी बाजूंनी जांभ्याच्या जाड भिंती. आता तिथे भाताच्या कणग्या आणि जादा अंथरुणं असतात. बाहेरचा आवाज आत येत नाही, पण गिलाव्याच्या उघड्या भिंतीवरून आपलाच आवाज परत येतो. म्हणून माझ्या पाठीमागे दोरीवर गोधड्या टांगल्या. माइकचं तोंड गायकाकडे असतं, म्हणजेच गायकाच्या मागच्या भिंतीकडेही असतं. गोधडी तिथे हवी. बरेच लोक ती माइकच्या मागे लावतात आणि खोली तरी घुमते कशी म्हणून विचारत बसतात. कणग्यांनी आणि पोत्यांनी उरलेलं काम केलं.

छपराचं मात्र काही करता येत नाही. मंगलोरी कौलांवर पाऊस पडायला लागला की बोलणंसुद्धा ओरडून करावं लागतं. पाऊस थांबला की बेडूक. त्यामुळे आमच्याकडे रेकॉर्डिंगचा हंगाम दिवाळी ते मे.

आधी कंडेन्सर माइक घेतला होता. त्याला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या वायरीतूनच जाणारी वीज, लागतो. तो ऑडिओ इंटरफेसमधून (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) मिळतो, त्यात काही अडचण नाही. पण तो माइक इतका तिखट कानाचा, की शेजारच्या विहिरीवरचा पंपही टिपायचा. शेवटी भजनी मंडळाचा हातात धरायचा डायनॅमिक माइक मागून आणला. १९६६ साली आलेल्या शुअर कंपनीच्या एसएम ५८ या माइकच्या घाटाचे हे माइक प्रत्येक वाडीत सापडतात. तो जवळचं ऐकतो, लांबचं फारसं ऐकत नाही. जवळून गायलं की आवाजात खर्ज फुगतो, म्हणून १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं. आणि मराठीत गाताना ख, थ, फ, भ यांचा श्वास सरळ माइकवर आदळतो. माइक ओठांच्या समोर न ठेवता जरा बाजूला, तिरका ठेवला की ते फटके जातात.

वीज गेली तर? लॅपटॉप बॅटरीवर चालतो आणि इंटरफेस लॅपटॉपवर. उलट बॅटरीवरच बरं, वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू असला की गिटारमध्ये घरघर शिरते. हेडफोनमध्ये आपला आवाज उशिरा ऐकू येत असेल तर सॉफ्टवेअरमधला बफर (लॅपटॉप एका वेळी जेवढा आवाज साठवून घेतो तो) १२८ सॅम्पलवर आणायचा, मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र बसवायला बसताना तो पुन्हा वाढवायचा. एवढं जमलं की बाकी गाणं, पुन्हा गाणं आणि चांगल्या ओळी निवडून जोडणं.

खरी गंमत पुढे आहे. कच्चं मिक्स तयार झालं आणि ते लोकांना ऐकवायचं ठरवलं.

घरच्या ग्रुपवर टाकलं. मामीने टाळ्या पाठवल्या, काकांनी फुलांचा गुच्छ, चुलत बहिणीने ‘मस्त गो!’. एक आत्या पुढच्या गणपतीत म्हण म्हणाली. सगळे प्रेमाने बोलत होते आणि त्यातल्या एकाही शब्दाचा मला उपयोग नव्हता. कोणी पूर्ण ऐकलंय हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

मग मी प्रश्न बदलला. ‘कसं वाटलं?’ हे विचारायचंच नाही. त्याला कोकणातला माणूस तोंडावर ‘बरा आसा’ याखेरीज दुसरं उत्तर देणार नाही (पाठीमागे काय म्हणेल ते वेगळं). त्याऐवजी तीनच प्रश्न ठेवले. कुठली ओळ कळली नाही? कुठे लक्ष दुसरीकडे गेलं? उद्या सकाळी यातलं काय आठवेल? आणि शक्य तिथे माणसाच्या समोर बसून ऐकवायचं. हात खिशाकडे जातो ती जागा मनात टिपून ठेवायची.

ती जागा पहिल्या दिवसापासून एकच निघाली: सुरुवात. मी सोळा बारांची (एक बार चार ठोक्यांचा) गिटारची प्रस्तावना केली होती. मिनिटाला ९२ ठोक्यांच्या लयीत तेवढे बार म्हणजे जवळजवळ ४२ सेकंद. मला ती फार आवडायची. पण आवाज सुरू होण्याआधीच माणसं इकडेतिकडे बघायला लागत. तोंडाने कोणीही तसं म्हटलं नाही. चार बार ठेवले, बाकी काढले.

शब्दांचं प्रकरण जास्त अवघड होतं. वाडीत पखवाज वाजवणारे आबा आहेत, डबलबारीच्या भजनांत आयुष्य गेलेले. डबलबारीत एका बुवाने टाकलेल्या ओळीला समोरच्याने उत्तर द्यायचं असतं, म्हणजे शब्द ऐकू आला नाही तर सामनाच संपला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “गाणां बरा आसा गो. पण कडव्यात तू काय म्हणतंस ता माका एक अक्षर कळाक नाय. आवाज वाढव.” माझा एक मित्र मुंबईत साउंडचं काम करतो, त्याने मिनिट-सेकंद घालून टिपणं पाठवली. त्यात कडव्यातला रिव्हर्ब (आवाजाला दिलेला घुमारा) निम्मा कर असं होतं. बहीण म्हणाली, तू घाईत गातेस, लय कमी कर.

तिघांची औषधं तीन. आवाज वाढवून पाहिला, तर गाणं एकीकडे आणि मी एकीकडे असं वाटायला लागलं. लय कमी केली तर एसटी घाटात अडकल्यासारखी झाली. मग मी औषधं बाजूला ठेवली आणि फक्त दुखण्याची जागा पाहिली. तिघेही कडव्याकडेच बोट दाखवत होते. तिथे काय चाललंय म्हणून ट्रॅक एकेक करून बंद केले. गिटार बंद केली आणि शब्द लख्ख ऐकू आले. व्यंजनं कळतात ती साधारण २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात माझी गिटार खरडत होती. वर पॅड पसरलेला. गिटारचा तेवढा पट्टा ३ डेसिबलने खाली घेतला, पॅड कडव्यातून काढून फक्त धृपदात ठेवला, रिव्हर्ब थोडा आखूड केला. आवाजाला हात लावला नाही.

आबांना परत ऐकवलं. “आता कसा! आवाज वाढवलंस मा?”

“नाय हो आबा, गिटार कमी केलंय.”

“ता जावंदे. आता कळता.”

तेव्हापासून माझा हिशेब पक्का आहे. ऐकणारा ‘इथे खटकतं’ म्हणाला तर त्यावर वाद घालायचा नाही. ‘असं कर’ म्हणाला तर ऐकून घ्यायचं, कामाला लागताना मात्र आपणच शोधायचं.

दोन मिक्स शेजारी ठेवून निवडायला सांगताना आणखी एक सापळा असतो. जे किंचित मोठं वाजतं तेच लोकांना चांगलं वाटतं, मलाही. म्हणून दोन्हींची पातळी मीटरवर समान करूनच पाठवायची. तशीही स्पॉटिफायसारखी ठिकाणं सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसला (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) आणून वाजवतात, त्यामुळे दाबून दाबून मोठं केल्याचा तिथे फायदा नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडायची, म्हणजे ती जशीच्या तशी पोहोचते. पण पूर्ण दर्जाची, २४ बिटांची वेव्ह फाइल ६० एमबीच्या घरात जाते आणि आमच्या खाडीकाठच्या रेंजवर ती उतरेपर्यंत माणूस ऐकायचं विसरतो. ३२० केबीपीएसची एमपी३ साडेआठ एमबीत बसते, मत मागायला तेवढी पुरे.

भावाच्या मित्राची सहा आसनी गाडी आहे, सीटखाली भलाथोरला वूफर. त्याच्याकडे गाणं लावलं तर बेसचा एक सूर बाकीच्या सुरांपेक्षा इतका घुमला, की पुढची काच थरथरली. तेच गाणं आईच्या फोनवर लावलं तर बेस आहे की नाही हेच कळेना. फोनच्या चिमुकल्या स्पीकरला खालचे सूर वाजवताच येत नाहीत. घुमणारा सूर दाबला आणि बेसला थोडं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम किंचित खरखरीतपणा दिला. त्याने वरचे स्वरांश तयार होतात, मग फोनवरही बेसची चाल ऐकू येते. हेडफोनवर बसून हे मला कधी कळलं नसतं.

काही सूचना सरळ सोडून दिल्या. गाणं मालवणीत का नाही, ढोल टाक, गणपतीत वाजेल असं कर, आवाजाला ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) लाव. ही माणसं चुकीची नव्हती, त्यांना दुसरं गाणं हवं होतं. आबांची एक सूचना मात्र घेतली. धृपदाच्या शेवटच्या ओळीला भजनात असतो तसा कोरस हवा, म्हणाले, एकटीने म्हटलं तर ती ओळ उभी राहत नाही. बहीण आणि तिच्या दोन मैत्रिणींना त्याच खोलीत, माइकपासून दोन पावलं मागे उभं करून गाऊन घेतलं. उद्या काय आठवेल या प्रश्नाला त्यानंतर सगळे तीच ओळ सांगायला लागले.

मुंबईच्या मित्राचं शेवटचं टिपण अगदी शेवटच्या ओळीवर होतं. ‘गेली’वरचा सूर केसभर उतरलाय, परत गा. परत गायले. सूर बरोबर लागला आणि ओळीतला थकवा गेला. रात्री स्टँडवर उभं राहून गाडी चुकलेली बाई इतक्या नीट सुरात बोलत नाही. दोन्ही टेक त्याला नाव न घालता पाठवले. त्याने उतरलेलाच निवडला आणि वर लिहिलं, तरी पण खाली आहेच. तो आहे तसा ठेवून मी फायनल फाइल काढली आणि गाणं चढवलं.