पाच इंचांची फट

बागेतली खेळणी ताब्यात घेणं हे उद्यान विभागात टेबलावरचं काम समजलं जातं. ठेकेदार प्रमाणपत्र जोडतो, खेळण्याच्या खांबावर ‘ईएन 1176’ (बागेतल्या खेळण्यांच्या सुरक्षिततेचं युरोपीय मानक) लिहिलेली चकचकीत पट्टी असते. नग मोजायचे, रंग बघायचा, मोजमाप पुस्तिकेत नोंद करायची आणि देयक वर सरकवायचं. रस्ते विभागातून माझी इथे बदली झाली तेव्हा सहकाऱ्यांनी ‘चला, सुटलीस’ म्हणून चहा मागितला होता.

ही बाग वर्षभर रखडलेली होती आणि लोकार्पण दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. मी पोचले तेव्हा मांडववाले बांबू उतरवत होते, प्रवेशद्वारावर मोठा फलक चढला होता. ठेकेदाराला वाटलं मी सहीपुरतीच आले आहे. माझ्या पिशवीत टेप, एका टोकाला आडवी दांडी अडकवलेली साखळी आणि विभागातल्या सुताराकडून करून घेतलेली दोन लाकडं होती. एक ठोकळा 89 मिलिमीटर रुंद, 157 मिलिमीटर उंच. दुसरी 230 मिलिमीटर व्यासाची चकती. पहिलं म्हणजे लहान मुलाचं धड, दुसरं म्हणजे डोकं. जमिनीपासून 600 मिलिमीटरपेक्षा उंचावर असलेल्या बंदिस्त फटीत ठोकळा शिरत असेल, तर चकतीही आरपार गेली पाहिजे. धड जातं आणि डोकं जात नाही, अशी फट चालत नाही.

मोठ्या मल्टिप्लेच्या, म्हणजे जिना, मचाण आणि घसरगुंडी एकत्र असलेल्या खेळण्याच्या, मचाणाला तीन बाजूंनी कठडा होता. दोन बाजूंना ठोकळा गजांवर आपटून थांबला. तिसऱ्या बाजूला मी तो टेकवला आणि हलकेच ढकलला, तर तो सरळ पलीकडे जाऊन खालच्या रबरावर ‘धप्प’ पडला. टेप लावली. दोन गजांमध्ये पाच इंच. चकती अर्थातच जाईना.

“डोकं जातच नाही ना मॅडम? मग अडकणार कसं?” ठेकेदार म्हणाला.

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक पाहणीत ऐकायला मिळतो. लोकांच्या डोळ्यांसमोर खिडकीत डोकं खुपसणारं मूल असतं. मचाणावर बसलेलं मूल पाय बाहेर सोडतं. पाय जातात, कंबर जाते, मग ते पुढे सरकतं आणि हनुवटीशी थांबतं. पायाखाली काही नसतं. सगळं वजन मानेवर येतं. मी त्याला ठोकळा उभा धरून हे दाखवलं, तेव्हा त्याने वाद थांबवून फिटरला हाक मारली.

खरी गोष्ट फिटरकडून कळली. कंपनीच्या मालात एक कठडा वाहतुकीत वाकला होता. नवीन मागवायला वेळ लागणार, म्हणून जवळच्याच फॅब्रिकेटरकडून करून घेतला. त्याला कुणी माप दिलं नव्हतं. “जिन्याच्या रेलिंगला आपण पाच इंच ठेवतो, तेवढंच ठेवलं त्याने,” फिटर म्हणाला. काम सुबक होतं, वेल्डिंग घासून गुळगुळीत केलेलं, रंगही तंतोतंत जुळवलेला. खांबावरच्या पट्टीतलं एक अक्षरही खोटं नव्हतं. फक्त ती पट्टी या कठड्याबद्दल बोलत नव्हती.

मग साखळी. ती म्हणजे मुलाच्या कपड्यांची दोरी. घसरगुंडीच्या तोंडाशी ती सोडायची आणि मुलासारखी खाली ओढायची. फायबरची कड आणि खांब यांच्यामधल्या बारीक फटीत दांडी जाऊन बसली, ती ओढून निघेना. “इथे कोण हुडी घालतं?” असं ठेकेदाराने विचारलं. अमेरिकेत जॅकेटच्या दोऱ्या अशाच अडकून मुलं दगावली, म्हणून 1996 साली मुलांच्या कपड्यांतल्या दोऱ्यांबद्दल सूचना निघाल्या. आपल्याकडे हुडी नसली तरी गळ्यात काळा दोरा असतो, ओढणी असते, आणि शाळेतून थेट बागेत आलेल्या प्रत्येक पोराच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी असते. ती कुणीही काढून ठेवत नाही. फिटरने मात्र लगेच फटीत बोट घालून बघितलं आणि रबराची पट्टी मारून ती कशी बुजवता येईल ते सांगितलं.

मला सगळ्यात जास्त काळजी खाली होती. कडेची एक रबर टाइल उचलायला लावली. जाडी 25 मिलिमीटर, खाली काँक्रीट. मचाण 1.8 मीटर उंच. टाइलच्या स्वतःच्या चाचणी अहवालात तिची क्षमता, म्हणजे किती उंचीवरून पडलेलं मूल ती झेलू शकते, ती एक मीटरच्या आतली लिहिली होती. वरून मऊ लागतं, लालनिळं दिसतं, त्यामुळे कुणालाच शंका येत नाही. (पेव्हर ब्लॉक असते तर निदान आयांनी तरी आरडाओरडा केला असता.)

कायद्यानं मला काय अधिकार आहे? फारसा नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 मध्ये बागा आणि क्रीडांगणं ऐच्छिक कर्तव्यांत येतात. फटी किती असाव्यात हे त्यात कसं असणार? कॅलिफोर्नियात नवं क्रीडांगण खुलं करण्याआधी प्रमाणित निरीक्षकाची तपासणी कायद्यानेच सक्तीची आहे. माझ्या हातात निविदेतलं एक वाक्य होतं, ‘साहित्य व उभारणी ईएन 1176 प्रमाणे’. त्यातल्या ‘उभारणी’वर बोट ठेवून मी मोजमाप पुस्तिकेत खेळण्यांसमोर ‘स्वीकारार्ह नाही’ लिहिलं. देयक अडलं की ठेकेदार ऐकतो. आमच्याकडची सुरक्षिततेची अंमलबजावणी ही एवढीच आहे.

कार्यकारी अभियंता साहेबांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “बाग उघडू दे. खेळणी बंद. पण बंद म्हणजे खरंच बंद.”

लाल-पांढरी पट्टी बांधायला घेतली तर वॉचमनकाका हसले. “मॅडम, ही पोरांना दहा मिनिटं पुरायची नाही.” त्यांचं बरोबर होतं. मग फिटरने जिन्याचे बोल्ट सोडवून जिनाच काढला आणि स्टोअररूममध्ये ठेवला. पोरं घसरगुंडीवरून उलटी चढतात, म्हणून तिच्या वरच्या तोंडाला प्लायवूड ठोकलं. हे उरकेपर्यंत अंधार पडला.

सकाळी फीत कापली गेली, भाषणं झाली. नातवाला घेऊन आलेले एक आजोबा माझ्यावर चांगलेच उखडले, “उद्घाटन करता आणि जिना काढून ठेवता?” त्यांना मी टाइल हातात देऊन जाडी दाखवली. ते शांत झाले असं नाही, पण त्यांचा राग माझ्यावरून ठेकेदाराकडे वळला.

तो मात्र अर्धवट अन्याय होता. कठडा ठेकेदाराने मुकाट्याने स्वखर्चाने बदलला, फटही बुजवली. टाइलच्या बाबतीत तो फाइल घेऊनच आला. अंदाजपत्रकात 25 मिलिमीटरच लिहिलेलं होतं. जुन्या एका बागेचं अंदाजपत्रक वर्षानुवर्षं उतरवून घेतलं जात होतं. त्या बागेत फक्त दोन बुटके झोके होते. जादा बाब म्हणून 50 मिलिमीटरच्या टाइलला मंजुरी मिळवायला महिने गेले. नवीन टाइल 1.8 मीटरच्या अहवालासकट आली, तेव्हा कुठे जिना परत लागला.

तेच अंदाजपत्रक आणखी किती बागांना लागलं, असं साहेबांनी विचारलं. त्याची यादी कुठेच नव्हती. ती आता मी करते आहे, ठोकळा घेऊन, एकेक बाग. नव्या निविदेत अट टाकली आहे की बसवल्यानंतर जागेवर तपासणी झाल्याशिवाय अंतिम देयक नाही. निविदापूर्व बैठकीत एका ठेकेदाराने ठोकळ्यांची मापं लिहून घेतली. बाकीच्यांनी अट वगळावी असं लेखी दिलं आहे. फाइल अजून वरच आहे.