हलक्या रानातला खडखड्या

मंगळवेढ्याकडच्या, वीत-दीड वीत मातीखाली मुरूम लागणाऱ्या एका रानात रब्बी ज्वारीची आमची चाचणी होती. शेजारशेजारच्या पट्ट्यांत मालदांडी ३५-१, फुले अनुराधा आणि एक नवा वाण. अंतर ४५ बाय १५ सेंटिमीटर, काणी रोग येऊ नये म्हणून किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम गंधक.

काढणीच्या दिवशी नव्या वाणाचा पट्टा आडवा पडलेला होता. कणसं मोठी, पण दाणा फुसका. ताटं खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या पेरात मोडलेली. एक ताट उभं फाडलं, तर गर संपलेला, नुसते सुटे धागे आणि त्यांवर मॅक्रोफोमिना बुरशीची काळी भुकटी. खडखड्या रोगच.

हाच वाण संशोधन केंद्रावर याच रोगाच्या परीक्षेत पास झाला होता. ती परीक्षा अशी: टूथपिक उकळून, निर्जंतुक करून त्यांवर बुरशी वाढवायची. फुलोऱ्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी त्या खालच्या दुसऱ्या पेरात खुपसायच्या. पीक पक्व झालं की ताट फाडून बुरशीने किती गाठी ओलांडल्या ते मोजायचं. पद्धत चांगली आहे, पण झाड तहानलेलं असेल तरच ती खरं बोलते. केंद्रावरची जमीन खोल काळी, शिवाय पीक पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) असताना संरक्षित पाणी दिलेलं. तिथे बुरशीला वाव मिळणार कुठून?

हलक्या रानात दाणा भरायच्या वेळीच ओल संपते. पानं लवकर वाळतात, मग मोठं कणीस ताटातली साखर ओढून घेतं, मुळं उपाशी राहतात आणि मातीतली बुरशी आत शिरते. म्हणजे ज्या मोठ्या कणसासाठी हा वाण निवडला, तेच इथे त्याच्या मुळावर आलं. अनुराधा साधारण १०५ ते ११० दिवसांत येते, ओल असतानाच दाणा भरून घेते. ती उभी होती.

आता ‘तफावत फार’ म्हणून हे ठिकाण चाचणीच्या सगळ्या ठिकाणांच्या सरासरीतून वगळायची भाषा चालू आहे. मला ते साफ चुकीचं वाटतं. कोरडवाहू ज्वारीची बरीचशी रानं अशीच आहेत. आणि नुसत्या धान्याच्या क्विंटलवर वाण ठरवणाऱ्यांनी कडबाही पाहावा: पडलेल्या ताटांची धड पेंढी बांधता येत नाही, काळा पडलेला कडबा जनावर बाजूला सारतं.

विरळणी १५ ऐवजी २० सेंटिमीटरवर केली, तर त्याच ओलीत हा वाण तग धरेल का? पुढच्या रब्बीत त्याच रानात, बिनपाण्याने, दोन्ही अंतरं लावून पाहायला हवीत.